सरकारी संशोधनाचा अहवाल 'बौद्धिक संपदा' म्हणून नाकारला, मदत हवी आहे

विहीरवाला: माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तर आलं: कलम ८(१)(घ), म्हणजे व्यापारी गुपित किंवा बौद्धिक संपदा, देता येत नाही. संशोधनवाल्यांनी आमच्याच विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, कठड्यावर लाल रंगाने नंबर टाकून गेले, आणि फ्लोराइड किती निघालं ते आम्हालाच सांगायचं नाही? पोरांच्या दातांवर डाग पडलेत. आता काय करू? लवकर सांगा.

शुभदा_क: अर्ज कुणाकडे केला? प्रकल्पाला पैसा कुणाचा? नेमकं काय मागितलं होतं? नकाराच्या पत्रावर तारीख काय?

जलमित्र: कशाला त्या भानगडीत पडता? भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिऊ नका.

विहीरवाला: तपासून घेईनच हो. पण त्यांच्याकडे आकडे तयार आहेत, ते का दडवायचे? अर्ज राज्यातल्या विद्यापीठाकडे, पैसा केंद्राचा. 'प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं होतं.

प्रा_देव: 'सर्व माहिती' म्हटल्यावर नकार येणारच. संशोधनाचा पेपर छापून येण्याआधी आकडे बाहेर गेले तर पीएचडी करणाऱ्या मुलाची मेहनत पाण्यात जाते, तेही बघा.

शुभदा_क: सर, विहिरीतल्या फ्लोराइडमध्ये कसलं व्यापारी गुपित? व्यापक जनहित असेल तर माहिती द्या, असं त्याच कलमात आहे. शिवाय कलम १० प्रमाणे झाकायचं तेवढं झाकून बाकीचं देता येतं.

प्रा_देव: आकडे द्यावेत, मान्य. विश्लेषण मात्र छापून आल्यावरच.

वाचक७: आणि छापून आलं तरी आपल्याला वाचायला पैसे! संशोधनाची नियतकालिकं वाचायला देणाऱ्या केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला ६,००० कोटी मंजूर झाले, पण ती सोय सरकारी संस्थांतल्या लोकांना.

शुभदा_क: त्यासाठी वेगळा धागा काढा ना. विहीरवाला, तारीख अजून सांगितली नाहीत! नकार हातात पडल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, विद्यापीठाच्याच प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. शिवाय निधी देणाऱ्या केंद्राच्या खात्याकडे ऑनलाइन अर्ज टाका, फी १० रुपये. मंजुरीपत्र, अंतिम अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागा. पैसा कुठे गेला तेही त्यातून कळेल.

विहीरवाला: पत्र गेल्या सोमवारी मिळालं, ताई. विहिरींचे नंबर आहेत माझ्याकडे, तेवढ्यांचेच आकडे मागू का?

शुभदा_क: हो. विहिरीचा नंबर, नमुना घेतल्याची तारीख, फ्लोराइड. अपिलात जनहिताचा मुद्दा मांडताना मुलांच्या दातांचं आवर्जून लिहा. विद्यापीठाकडे नवा अर्जही टाका, पण १५० शब्दांच्या आत.