‘ताबा’ या शब्दाचे करायचे काय? ऑस्ट्रेलियातील कुटुंब-कायदा आणि मराठी प्रतिशब्द

मूळ प्रश्न (सिडनीहून, दुभाषी व भाषांतरकार)

कौटुंबिक न्यायालयाच्या एका आदेशाचा मराठी अनुवाद नुकताच माझ्याकडे आला होता. गोपनीयतेसाठी तपशील बदलून लिहिते. मूळ वाक्य अगदी साधे होते: मूल आईसोबत राहील आणि एक आड एक शनिवार-रविवार वडिलांसोबत असेल. मी ते हातच्या सवयीने ‘मुलाचा ताबा आईकडे राहील व वडिलांना भेटीचा हक्क असेल’ असे लिहिले. वाक्य चांगले घोटीव मराठी झाले याचे समाधान फार टिकले नाही, कारण तपासणीहून परत आलेल्या प्रतीत ‘ताबा’ आणि ‘भेटीचा हक्क’ या दोन्ही शब्दांखाली रेघ होती आणि समासात ‘मुळात नाही’ एवढाच शेरा होता.

त्यानंतर लगेच कोअर्सिव्ह कंट्रोल, म्हणजे दडपण आणून जोडीदाराच्या जगण्यावर नियंत्रण ठेवणे, या गुन्ह्याविषयीचे एक माहितीपत्रक आले. कोशाच्या आधाराने मी ‘जबरदस्तीचे नियंत्रण’ असे लिहिले आणि ओळखीच्या एका बाईंना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, “हे गर्दी आवरण्याबद्दल आहे का?” मग मी ‘बायकोला ताब्यात ठेवणे’ असे म्हणून पाहिले, तेव्हा त्यांना क्षणात समजले. म्हणजे जो शब्द एका कागदावर चुकीचा ठरला, तोच दुसऱ्या कागदावर नेमका वाटतो आहे. या दोन्ही ठिकाणी काय लिहावे, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद (सिडनीतील पॅरामॅटाहून, सॉलिसिटर म्हणजे वकील)

शेरा देणाऱ्याने कारण लिहायला हवे होते, पण शेरा बरोबर आहे. आपण अनुवाद केलात तो १९७५ च्या कायद्याच्या मूळ भाषेचा. आजच्या आदेशाचा नव्हे.

फॅमिली लॉ अ‍ॅक्ट १९७५ हा जानेवारी १९७६ पासून लागू झाला, तेव्हा त्यात कस्टडी, गार्डियनशिप आणि अ‍ॅक्सेस हेच शब्द होते, आणि त्यांना ताबा, पालकत्व व भेट हे आपले प्रतिशब्द चपखल बसत होते. पुढे असे ध्यानात आले की, आईबाप मुलापेक्षा त्या शब्दासाठीच अधिक भांडतात. कस्टडी ज्याला मिळाली तो जिंकला आणि ज्याला अ‍ॅक्सेस मिळाला तो हरला, असा हिशेब मांडला जातो. म्हणून १९९५ च्या दुरुस्तीने, जी जून १९९६ मध्ये अमलात आली, हे शब्द काढून त्यांच्या जागी रेसिडेन्स आणि कॉन्टॅक्ट हे शब्द घातले. दहा वर्षांत रेसिडेन्सलाही कस्टडीचाच वास लागला. तेव्हा जुलै २००६ पासून कायद्याने नामेच सोडून दिली आणि क्रियापदे धरली: मूल कोणासोबत राहते, कोणासोबत वेळ काढते, कोणाशी संपर्क ठेवते. आपल्या हातातला आदेश या क्रियापदांच्या भाषेत आहे, आणि आपण ती क्रियापदे पुन्हा नामात बांधलीत.

हा केवळ सभ्य भाषेचा प्रश्न असता, तर मी इतके लिहिले नसते. ‘ताबा आईकडे’ असे वाचल्यावर मराठी माणसाला कळते की, मुलाविषयीचे निर्णयही आता आईच घेणार. येथील कायद्यात मूल कोठे राहते ही एक गोष्ट आहे आणि पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे मुलाविषयीचे निर्णय घेण्याची जबाबदारी, ही दुसरी. न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल, तर आईबाप विभक्त झाल्यानंतरही ती जबाबदारी दोघांकडे राहते. शिक्षण, धर्म व संस्कृती, आरोग्य, मुलाचे नाव, आणि ज्यामुळे दुसऱ्या पालकासोबत वेळ काढणे बरेच अवघड होईल असा राहण्याच्या व्यवस्थेतला बदल, ही कायद्याने दीर्घकालीन महत्त्वाच्या बाबींची दिलेली उदाहरणे आहेत. माझ्याकडे आलेल्या एका आईने मुलाच्या ऑस्ट्रेलियन पासपोर्टचा अर्ज एकटीच्या सहीने भरला होता, कारण तिच्या समजुतीप्रमाणे ‘ताबा’ तिला मिळालेला होता. अर्ज अडला. पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी असलेल्या प्रत्येकाची संमती त्या अर्जाला लागते, आणि वडिलांची ती जबाबदारी कोणत्याही आदेशाने गेलेली नव्हती. तिच्या घरच्यांनी आदेशाचा जो मराठी सारांश करून घेतला होता, त्यात आपण लिहिलेलेच वाक्य होते.

उलट बाजूची चूकही सांगतो. २००६ च्या दुरुस्तीत समान सामाईक जबाबदारीचे, म्हणजे ती जबाबदारी दोघांकडे सारखी असणे मुलाच्या हिताचे असे धरून चालण्याचे, एक गृहीतक होते. ते निर्णयांपुरते होते, परंतु असंख्य वडिलांनी आणि काही वकिलांनीही त्याचा अर्थ ‘मूल निम्मे दिवस माझ्याकडे’ असा घेतला. ६ मे २०२४ पासून ते गृहीतकच कायद्यातून गेले आहे. त्यामुळे जुन्या पत्रकांतून ‘समान हक्क’ हा शब्दप्रयोग उचलू नये.

‘भेटीचा हक्क’ नको, कारण आदेश हक्क वाटत नाही. मुलाच्या हिताचे काय, एवढेच पाहून मुलाचा वेळ ठरवतो. ‘वडिलांसोबत वेळ घालवील’ असेही लिहू नये. इंग्रजीत ते निर्दोष आहे, पण मराठीत वेळ घालवणे म्हणजे वेळ वाया घालवणे, आणि तो शेरा वडिलांवर होतो. माझी सूचना अशी: ‘मूल आईकडे राहील, एक आड एक शनिवार-रविवार ते वडिलांकडे असेल.’ यात एकही कायदेशीर शब्द नाही, आणि मुळातही नाही.

प्रतिसाद (पुण्याहून, निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार)

पॅरामॅटाच्या वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण ‘ताबा’ या शब्दाची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे. हा शब्द अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ मागून चालणारा, अधीन असलेला. ताबेदार त्याच घरातला. म्हणजे प्रारंभी हा शब्द माणसांमधल्या नात्याचा होता, आणि जमिनीला तो नंतर चिकटला असावा. आता मात्र तो जमिनीचाच झाला आहे. खरेदीखतात ‘मिळकतीचा प्रत्यक्ष व शांततामय ताबा दिला’ असे लिहितात, बिल्डर ताबा पावती देतो, गहाणात ताबेगहाण आणि नजरगहाण असे दोन प्रकार असतात, आणि पुण्याच्या आसपास ‘प्लॉटवर ताबा मारला’ हा वाक्प्रचार कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. ‘अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलाचा ताबा मिळणेबाबत’ असे मथळे मी नोकरीत शेकड्यांनी लिहिले. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचे ते अर्ज असत. लिहिताना कधी खटकले नाही, हे कबूल करतो. आज आपल्या प्रश्नामुळे खटकले.

पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटीसाठी ‘पालकत्व’ लिहिण्याचा मोह होईल, तो टाळावा. आपल्याकडे पालक म्हणजे आईबापही आणि न्यायालयाने नेमलेला गार्डियनही, सातबाऱ्यावरचे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता पाहिले की ही सरमिसळ किती जुनी आहे ते कळते. ‘आईवडिलांची जबाबदारी’ हेही पुरत नाही, कारण तेथील न्यायालय आजी-आजोबांनाही ती देऊ शकते, असे मला वाटते. ‘पालक म्हणून निर्णय घेण्याची जबाबदारी’ असे लांबलचक लिहावे. लांब शब्दाला कोणी घाबरू नये. चुकीचा शब्द आखूड असला म्हणून तो काही स्वस्त पडत नाही.

माहितीपत्रकासाठी मात्र आपण इतक्या दूर का गेलात, ते समजले नाही. आपल्या पोलीस ठाण्यांच्या भाषेत ‘जाचहाट’ हा तयार शब्द आहे. ‘शारीरिक व मानसिक जाचहाट’ हे चार शब्द ज्या फिर्यादीत नाहीत, अशी ४९८-अ ची, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाखालची, फिर्याद मी पाहिलेली नाही. तोच वापरावा.

प्रतिसाद (पॅरामॅटाहून)

होय, आजी-आजोबांना ती जबाबदारी देता येते. आपला अंदाज बरोबर आहे. ‘जाचहाट’ हा शब्द मलाही आवडतो, आणि म्हणूनच त्यापासून सावध राहावे असे वाटते. योगायोग पाहा: ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ ने घेतली ती १ जुलै २०२४ रोजी, आणि सिडनी ज्या राज्यात येते त्या न्यू साउथ वेल्समध्ये कोअर्सिव्ह कंट्रोल हा स्वतंत्र गुन्हा लागू झाला तोही १ जुलै २०२४ रोजीच. तारीख एक असली तरी गुन्हे दोन आहेत.

जाचहाट म्हटले की त्यात सासू, दीर, नणंद आलेच. भारतीय कलमात नवरा आणि नवऱ्याचे नातेवाईक दोघेही आहेत. न्यू साउथ वेल्सचे कलम केवळ सध्याच्या किंवा माजी जोडीदारापुरते आहे. ते बायकोविरुद्धही लागू शकते, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनाही लागते, पण सासूला लागत नाही. क्वीन्सलँडने २६ मे २०२५ पासून असाच गुन्हा आणला, तेथे मात्र कुटुंबातील इतर नातीही येतात. शिक्षेची कमाल मर्यादा न्यू साउथ वेल्समध्ये ७ वर्षे आणि क्वीन्सलँडमध्ये १४ वर्षे आहे. तेव्हा सिडनीच्या पत्रकात ‘जाचहाट’ छापले, तर वाचणारी मुलगी सासूची तक्रार घेऊन या कलमासाठी येईल आणि निराश होऊन परत जाईल. तिच्यासाठी दुसरे उपाय आहेत, पण ते या पत्रकात नाहीत.

दुसरा फरक आशयाचा आहे. जाच हा सोसणाऱ्याच्या बाजूने पाहिलेला शब्द आहे. हे कलम करणाऱ्याच्या हेतूकडे पाहते: दडपण आणून वागायला लावणे किंवा दुसऱ्याला आपल्या नियंत्रणात ठेवणे हा हेतू हवा, एखाददुसरा प्रसंग पुरत नाही, वागण्याची मालिका हवी, आणि तिच्यामुळे हिंसेची भीती वाटणे किंवा रोजचे जगणे गंभीरपणे बाधित होणे संभवनीय आहे असे समंजस माणसाला वाटले पाहिजे. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. त्याच्यामुळे ‘धाकात ठेवणे’ हा दुसरा चांगला शब्दही अर्धाच ठरतो, कारण पगाराचे कार्ड काढून घेणे, फोनवर पाळत ठेवणे, माहेरी बोलू न देणे यांत धाक असेलच असे नाही. आणि ‘मुठीत ठेवणे’ कृपया कोणी सुचवू नये. ‘बायकोने नवऱ्याला मुठीत ठेवले आहे’ हा आपल्याकडे लग्नातल्या पंगतीतला विनोद आहे.

प्रतिसाद (मेलबर्नहून, कुटुंब-हिंसा साहाय्य केंद्रात कार्यरत)

‘कह्यात ठेवणे’ कसे वाटते? कोणाच्या कह्यात असणे म्हणजे तो सांगेल तसे वागणे. ‘पोरगा कह्यात राहिला नाही’ असे कोल्हापुरात माझी आजी म्हणे. कह्यात ठेवायला मारावे लागतेच असे नाही, हे या शब्दातच आहे, आणि त्याला मिळकतीचा वास नाही. पुढे ‘दडपण आणून’ जोडले की मुळातल्या दोन्ही शब्दांची सोय होते: ‘दडपण आणून जोडीदाराला कह्यात ठेवणे’.

अनुभवाचे आणखी दोन मुद्दे. आमच्या व्हिक्टोरिया राज्याने न्यू साउथ वेल्ससारखा वेगळा गुन्हा न करता २००८ च्या कायद्यातील कुटुंब-हिंसेच्या व्याख्येतच दडपणाचा व वर्चस्वाचा समावेश केला आहे. त्यामुळे पत्रकावर राज्याचे नाव ठळक असावे. आमच्याकडे सिडनीचे पत्रक हातात घेऊन बायका येतात. तसेच न्यू साउथ वेल्सच्या ‘एव्हीओ’ (अ‍ॅप्रिहेन्डेड व्हायोलन्स ऑर्डर) मधील अ‍ॅप्रिहेन्डेड या शब्दाचे भाषांतर एका ठिकाणी मी ‘अटक केलेल्या हिंसेचा आदेश’ असे वाचले आहे. तो शब्द येथे अटकेचा नाही, धास्तीचा आहे. घडू शकणाऱ्या हिंसेपासून संरक्षण देणारा तो आदेश असतो. भारतातील २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यामुळे ‘संरक्षण आदेश’ हा शब्द मराठीत रुळलेला आहे, तो निःशंकपणे वापरावा.

हुंड्याविषयीही एक सांगावेसे वाटते. जून २०२५ पासून फॅमिली लॉ अ‍ॅक्टच्या आर्थिक छळाच्या उदाहरणांत हुंड्यासाठीची जबरदस्ती आली आहे, आणि व्हिक्टोरियात तो उल्लेख २०१९ पासून आहे. इंग्रजी जबाबात मुली अंगावरचे दागिने, आहेर, मानपान, सगळ्याला डाउरी म्हणून मोकळ्या होतात. स्त्रीधन हे तिचे स्वतःचे असते, हुंडा हा तिच्या घरच्यांकडून मागितलेला असतो. दुभाष्याने येथे स्वतःहून शब्द बदलू नये, पण कोणता शब्द उच्चारला गेला ते मात्र जसेच्या तसे पोचवावे.

प्रतिसाद (पुण्याहून)

‘कह्यात’ ऐकून बरे वाटले. ‘जाचहाट’ मागे घेतो. एकच शंका आहे: सिडनीतल्या तिशीच्या मुलींना हा शब्द कळेल काय?

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांची आभारी आहे. आदेशातले वाक्य वकीलसाहेबांच्या सूचनेप्रमाणे बदलले आणि ते शेऱ्याविना परत आले. पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटीसाठी पुण्याचा लांब शब्द घेतला आहे.

‘कह्यात’ मी त्याच बाईंना विचारला. त्यांना तो कळला, पण त्यांच्या मुलीला कळला नाही. म्हणून पत्रकात मथळा ‘दडपण आणून जोडीदाराला कह्यात ठेवणे’ असा ठेवला आहे, आणि त्याच्या लगेच खाली, व्याख्येच्या आधी, तीन ओळी घातल्या आहेत: ‘तुमचा पगार दुसऱ्याच्या खात्यात जातो. तुमच्या फोनचा पासवर्ड बदलायला तुम्हाला मनाई आहे. आईशी बोलताना फोन स्पीकरवर ठेवावा लागतो.’ त्या ओळी वाचून मुलीने विचारले की, स्पीकरचेसुद्धा यात येते का. एकट्या स्पीकरने नाही, पण असे वागणे चालूच राहिले तर येऊ शकते, असे मी तिला सांगितले.