पासाऊ ते काळा समुद्र: सायकल, तंबू, कमी खर्च

नांदेडहून प्रश्न: युरोवेलो ६ या युरोपातल्या सायकलमार्गाने जर्मनीतल्या पासाऊहून रोमानियातल्या कॉन्स्टान्ट्सापर्यंत जायचंय. व्हिसा अन् स्वयंपाकाच्या गॅसचं कसं करावं?

लातूर: भाऊ, व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच मागा. वाटेत सर्बिया लागतो, तो शेंगेनबाहेर (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश). सिंगल एंट्री तिथंच संपते, मग रोमानियात शिरता येत नाही. शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. रोमानियाचेही त्यातच धरा. विमा किमान ३०,००० युरोंचा.

परभणी: गॅसचा डबा विमानात चालतच नाही, तिकडंच घ्या. स्टोव्ह आट्यांचा असेल तर टोचून बसवायचा डबा त्याला बसत नाही.

जालना: जर्मनीत कुठंही तंबू ठोकू नका, दंड होतो. अन् सगळं वजन मागं लादू नका. स्पोक मागच्या चाकाचे, गिअरच्या बाजूचेच बहुतेकदा आधी तुटतात. त्याच मापाचे ४ जादा स्पोक अन् कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) काढायचं टूल सोबत ठेवाच. कॅसेट निघाल्याशिवाय तिथला स्पोक बदलता येत नाही.