मदत हवी आहे: मामेबहिणीला सुधारगृहातून कसं सोडवायचं?

रंकाळा_संध्यामठ: वेश्याव्यवसाय चालतो म्हणून लॉजवर छापा पडला, त्यात मामेबहीण सापडली. लॉजवाला जामिनावर सुटला, ही मात्र अजून आत. घरी तिचं पोर जेवत नाही. एका वकिलानं आधी पैसे मागितले, दुसरा म्हणतो थांबा. अर्ज कुठं करायचा, तेवढंच सांगा.

बावडेकर: वय काय तिचं? आणि मॅजिस्ट्रेटचा आदेश कुठला, चौकशीपुरता ताबा की अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याचं कलम १७(४), म्हणजे ठरावीक मुदतीसाठी सुधारगृहात ठेवणं? चौकशीपुरता असेल तर तीन आठवड्यांच्या वर ठेवता येत नाही.

शाहूपुरी४: आधी आधारकार्ड काढा. २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, या बायकांना पत्त्याचा पुरावा नसला तरी नाकोच्या (केंद्राची एड्स नियंत्रण संस्था) पत्रावर मिळतं.

रंकाळा_संध्यामठ: आधार आहे हो! ते विचारलंच नाही मी.

मिरजकर_ताई: मी सांगलीत या बायकांबरोबर काम करते. २०२० चा मुंबई हायकोर्टाचा निकाल वकिलाला दाखवा. त्यातल्या तिघींनाही मॅजिस्ट्रेटनं घरच्यांच्या ताब्यात द्यायला नकार दिला होता. हायकोर्टानं सोडलं. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही, आणि हा व्यवसाय हाच मुळात गुन्हा नाही.

शाहूपुरी४: म्हणूनच म्हणतो, सरकारनं परवाने द्यावेत.

मिरजकर_ताई: परवाना नको! नाव एकदा दप्तरी लागलं की जन्मभर पुसत नाही. बाईमागचा पोलिसांचा ससेमिरा काढा, बास.

गडहिंग्लजचा: गिऱ्हाईकाला धरा. स्वीडनमध्ये १९९९ पासून तोच कायदा आहे. आमच्या भागातून पोरी सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडायचे. शाहू महाराजांनी १९२० लाच जोगतिणींवर कायदा केला, राज्याचा देवदासी कायदा २००५ चा. कागद झाले, पण त्या बायकांच्या पोटाचं कोण बघतंय?

रंकाळा_संध्यामठ: पाया पडतो, माझं बघा. वय २६. आदेशात एक वर्ष लिहिलंय. मामा न्यायला तयार होता, तरी दिली नाही.

बावडेकर: हे पहिल्यांदाच सांगायचं, भावा. मग १७(४) आहे. अपील सत्र न्यायालयात, कसबा बावड्याला. तिथंच विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. चौकशीला पाच जणांचं पॅनल बसलं होतं का, ते आदेशात बघा. नसेल तर तोच मुद्दा घ्या. तिथं नाही जमलं तर हायकोर्टाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे, मुंबईला पळायला नको.

मिरजकर_ताई: आणि तिला काय हवंय ते तिच्याच तोंडून घ्या. मामाच्या नाही.

रंकाळा_संध्यामठ: उद्या सकाळी जातो. पण आम्हाला भेटायला फक्त रविवारी सोडतात. वकिलाला मधल्या वारी सोडतील का?