कमाडो घ्यावा का? सिरॅमिकच्या शेगडीवर हजार डॉलर घालावेत का?

रानवारा:
आम्ही अटलांटाजवळ राहतो. मागे अंगण आहे, फरसबंदी आहे, आणि गेले दोन उन्हाळे डोक्यात एकच घोळतंय: कमाडो. जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची कोळशाची शेगडी. इथे ती जागोजागी दिसते, कारण ‘बिग ग्रीन एग’ हा कमाडोचा ब्रँड अटलांटाचाच. एड फिशर यांनी १९७४ मध्ये इथेच सुरू केला. १८ इंची जाळीची शेगडी स्टँडसकट हजार डॉलरच्या वर जाते. बायकोचा सवाल सरळ आहे: गॅसची ग्रिल दारात असताना ही कशाला?

मागच्या मे महिन्यात शेजाऱ्याने तिच्यावर पोर्क शोल्डर केलं. रात्री दहाला मांस चढवलं, खालची झडप बोटभर उघडी ठेवली, वरची चकती जराशी सरकवली, आच २२५ फॅरनहाइटवर. सकाळी सातला मी डोकावलो तर काटा २३० वर, आणि रात्रभर कोणी उठलेलं नव्हतं. दुपारी बाराला त्याने हाड धरून ओढलं, ते कोरडं ठक्क बाहेर आलं. संध्याकाळी त्याच शेगडीत ६०० वर पिझ्झा. तेव्हापासून मला चैन नाही. पण पैसे माझ्या एकट्याचे नाहीत. ज्यांनी वापरलाय त्यांनी खरं सांगा.

समिधा:
घेऊ नका. मी शिकागोची, आमच्याकडे साधी वेबर केटल आहे, म्हणजे पत्र्याची गोल, झाकणाची कोळशाची शेगडी, बारा वर्षं झाली. १९५२ साली जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयासाठीचा पत्र्याचा गोळा अर्धा कापून ती बनवली, आणि तो आकार आजही बदलावासा वाटत नाही. २२ इंची केटल सव्वादोनशेच्या आसपास मिळते.

मुद्दा नुसत्या पैशाचा नाही. केटलमध्ये मी निखारे एका बाजूला ओढते. इकडे तंगडी चरचरते, तिकडे उरलेलं मंद शिजतं. कमाडोचं पोट अरुंद आणि खोल, त्यात अशा दोन बाजू नीट करता येत नाहीत. दुसरं म्हणजे सिरॅमिक एकदा तापलं की लवकर निवत नाही. २२५ पाहिजे असताना चुकून ३५० झालं, तर झडपा मिटून तासभर बसा. पत्रा माझं दहा मिनिटांत ऐकतो.

लोणारी:
समिधाताई, तापमानाचं बरोबर आहे, पण तो दोष नवशिक्याचा. मी नऊ वर्षं कमाडो वापरतोय. २२५ हवं तर १८० पासूनच झडपा मिटत आणायच्या. वर चढू द्यायचं, खाली आणायच्या भानगडीत पडायचं नाही. दोन-तीन महिन्यांत हात बसतो.

तो का घ्यायचा ते सांगतो. भिंत जाड, धग आतच राहते, म्हणून थोडक्या निखाऱ्यांवर काम भागतं. थोडे निखारे म्हणजे थोडी हवा. हवा कमी खेळली की मांसातलं पाणी कमी उडतं. पत्र्याच्या भांड्यात धग बाहेर जाते, ती भरून काढायला हवा जास्त सोडावी लागते, आणि तीच हवा मांस सुकवते. रानवाऱ्याने पाहिलेलं ते हाड कोरडं निघालं, पण मांस ओलं होतं ना? ते यामुळे.

शिवाय काम झालं की दोन्ही झडपा बंद. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामाला येतो. कोळसा मात्र लाकडाचाच, आपण लोणारी म्हणतो तो. ब्रिकेटची, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांची, राख फार होते, खालची भोकं बुजतात. आणि पेटवायला रॉकेलसारखं द्रव कधीही ओतू नका. सिरॅमिक ते पितं, मग त्याचा वास पुढच्या प्रत्येक जेवणाला.

मांडवेकर:
मी अलिबागचा. इथे कोणाच्या अंगणात कमाडो नाही, पण वाचताना आमची मडक्यातली पोपटीच आठवली. मडक्याच्या तळाला भांबुर्डी या वासाच्या रानझुडपाचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, तोंडाला पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र वाजून लगेच उडून जातं, तेव्हा समजायचं झालं.

म्हणजे मातीच्या बंद भांड्यात अंगच्या रसात शिजवणं आपल्याला नवीन नाही, आणि त्याला हजार डॉलर लागत नाहीत. चव मडक्याला नसते, भांबुर्डीला आणि जानेवारीतल्या कोवळ्या वालाला असते. तुम्ही आत काय घालणार ते आधी ठरवा.

लोणारी:
मांडवेकर, पोपटीपुढे मी हात जोडतो. पण पोपटीची आग तुम्ही बारा तास एका आचेवर धरू शकत नाही. कमाडोचे पैसे त्या धरण्याचे आहेत. जपानात भात शिजवायच्या मातीच्या मुशिकामादोपासूनच हा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले अमेरिकन सैनिक तो घरी घेऊन आले. मातीचे ते तडकायचे. सिरॅमिक त्यातूनच पुढे आलं.

चौथी_गल्ली:
पुण्यातून लिहितेय. इथे कुणी बाल्कनीत कोळशाची कुठलीही शेगडी लावायचा विचार करत असेल तर नको. वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांना धूर लागतो, ठिणगी उडते, आणि पाऊस आला म्हणून शेगडी आत ओढली तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वासही येत नाही. अंगण असेल तरच हा धागा तुमचा.

समिधा:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही, म्हणून पुन्हा लिहिते. माझ्या भावाकडे कमाडो आहे. ५५० वर पिझ्झा झाला, झडपा मिटल्या, आणि पाच मिनिटांनी त्याने झाकण एका झटक्यात उघडलं. आत हवेसाठी भुकेलेली आग होती. ती भडकून बाहेर आली आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे केस गेले. नशिबाने डोळे वाचले. झाकण आधी दोन बोटं उचलायचं, धरायचं, पुन्हा टेकवायचं, असं दोन-तीनदा करून मग उघडायचं. घरात लहान मुलं असतील तर हे आधी सगळ्यांना शिकवा.

आणि वजन. १८ इंचीची नुसती शेगडीच ७० किलोच्या वर भरते. भावाने घर बदललं तेव्हा आतलं कोळशाचं भांडं तडकलं. माझी केटल मी एकटी उचलते.

रानवारा:
मुलगी सहा वर्षांची आहे, त्यामुळे झाकणाचं वाचून मी खरंच थांबलो. काल रात्री आम्ही दोघांनी कॅलेंडर काढून बसून मोजलं. गॅसची ग्रिल वर्षात २१ वेळा लागली. त्यातली १७ वेळा चिकन, कणसं, पनीर, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यासाठी समिधाताईंची केटलही जास्तच. रात्रभराचं शिजवणं वर्षात चार-पाच वेळा होईल, दिवाळीला आणि मित्र जमतात तेव्हा. बायको म्हणाली, भरताची वांगी कोळशावर भाजणार असशील तर माझं एक मत तुला. नवा घेणार नाही हे नक्की झालं. पण १५ मैलांवर एकजण घर सोडतोय, पाच वर्षं वापरलेला, ४०० डॉलर सांगतोय. शनिवारी बघायला जातोय. काय बघू?

लोणारी:
आतलं कोळशाचं भांडं बाहेर काढून बघा. त्याला बारीक चीर असली तर घाबरू नका, ते वेगळं मिळतं आणि चीर पडूनही वर्षानुवर्षं चालतं. तळाला किंवा झाकणाला आरपार तडा असेल तर तिथूनच परत फिरा. कडेची नमद्याची पट्टी जळलेली असणारच, ती बदलायला एक दुपार लागते. झाकण अर्ध्यावर नेऊन हात सैल करा. धाडकन पडलं तर बिजागरीची स्प्रिंग गेलीय, त्याचे पैसे कमी करून मागा. आच वळवायची सिरॅमिकची तबकडी सोबत आहे का विचारा. ती नसेल तर रात्रभराचं काही होणार नाही.

समिधा:
माझं मत बदललेलं नाही, पण ४०० मध्ये मी भांडणार नाही. नेताना झाकण वेगळं काढा, आतले सगळे भाग वेगळे काढा, आणि खालचा गोळा जुन्या गादीवर ठेवून दोघांनी उचला. गाडीत त्याला दोन्ही बाजूंनी उशा लावा.

रानवारा:
गादी आहे. शेजाऱ्याला विचारलं, तो येतोय उचलायला.