अनुभव धागा: ‘डिस्प्ले येत नाही’ – तुमच्या जुन्या कॉम्प्युटरचं काय झालं?

बाबांच्या छापखान्यात लग्नपत्रिका जुळवणारा मॅकिंटॉश क्लासिक कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढला आणि चालू केला, तर नऊ इंची स्क्रीनवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. बाकी काही नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, पिक्चर ट्यूब गेली, भंगारात द्या. मला ते पटेना. चौकोन इतके रेखीव दिसतायत, म्हणजे ट्यूब ठीक आहे, तिला व्होल्टेज देणारा बोर्डही बराचसा ठीक आहे. बिघाड चित्र तयार होतं तिथे, लॉजिक बोर्डवर असणार.

बोर्ड बाहेर काढला. वीज साठवणाऱ्या छोट्या गोल कॅपॅसिटरच्या बुडाशी चिकट ओल, शेजारचं सोल्डर काळवंडलेलं. १९९० च्या सुमाराच्या मशीनमधले हे कॅपॅसिटर हटकून गळतात आणि आतलं द्रव तांब्याच्या रेघा खात जातं. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुतला, दोन दिवस वाळवला, सगळे कॅपॅसिटर बदलले. सोल्डर तापवताना खोलीभर मासळीसारखा वास सुटला होता. चौकोन गेले. हार्ड डिस्क मात्र मेलेली. पण या मॉडेलच्या रॉममध्येच, म्हणजे बोर्डवरच्या कायमच्या मेमरीत, सिस्टीम भरलेली असते. चालू करताना कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ एकत्र दाबून धरायचं. डेस्कटॉप उमटला तसे बाबा खुर्ची ओढून बसले आणि काही न बोलता माऊस हातात घेतला.

तुमचेही अनुभव लिहा. एकच आग्रह आहे: स्क्रीनवर नेमकं काय दिसत होतं ते आधी सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

*

कोल्हापूर. टीव्ही-मॉनिटर दुरुस्तीत हयात गेली, म्हणून लिहितो. मधोमध एकच आडवी रेषा असेल तर व्हर्टिकलचा, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या भागाचा दोष. दुसरं काही करण्याआधी ब्राइटनेस कमी करा, नाहीतर ती रेषा ट्यूबवर कायमची जळते. उभी रेषा क्वचितच दिसते, कारण हॉरिझॉन्टल (चित्र आडवं पसरवणारा भाग) बंद पडलं की बहुतेक मॉनिटरमध्ये ईएचटीच, म्हणजे ट्यूबचं हजारो व्होल्टचं व्होल्टेजच जातं आणि स्क्रीन काळी होते. तरीही उभी रेषा दिसलीच तर योकची, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलची वायर आणि तिचा कनेक्टर बघा.

कडेला थाप मारली की चित्र येतं, अशी तक्रार घेऊन लोक येतात. ते शंभर टक्के ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड. भिंगाखाली पाहिलंत तर पिनेभोवती केसासारखी गोल चीर दिसते. जुनं सोल्डर ओढून काढा आणि नवीन भरा. वरून नुसतं तापवलेलं टिकत नाही.

आणि बाबांनो, ट्यूबला हात लावायच्या आधी मेनची वायर काढा आणि ट्यूबवरची ईएचटीची टोपी अर्थ करून घ्या. बंद मॉनिटरमध्येही हजारो व्होल्ट साठून राहतात. माझ्या हाताखालचा एक पोरगा झटक्याने मागे कपाटावर आपटला होता. वाचला, एवढंच.

*

नाशिक, निवृत्त शिक्षिका. १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर मिळाले होते. आमच्या शाळेने पुढे ते निकाली काढले, त्यातला एक मी घरी आणला. अलीकडे भाच्याने चालू केला तर पॉवर सप्लायमधून भसकन धूर आला! वायरीच्या तोंडाशी बसवलेल्या फिल्टर कॅपॅसिटरला वर्षानुवर्षं तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि तो फुटतो. दोन कॅपॅसिटर बदलल्यावर सुरुवातीचा ‘बीप’ नीट आला. म्हणजे मशीन जागं होतं, पण स्क्रीनवर अक्षरांचा नुसता चिवडा. भाच्याने न बघताच ‘मोड ४’ टाइप करून रिटर्न दाबलं आणि अक्षरं स्वच्छ! मोड म्हणजे स्क्रीनवर दाखवायची पद्धत; हे मशीन मोड ७ मध्ये सुरू होतं आणि त्या मोडची अक्षरं एसएए५०५० ही वेगळी चिप काढते. ती सॉकेटमधून उचलली, पाय पुसून परत बसवली. काम झालं. मुलांनी ज्याच्यावर पहिली ओळ टाइप केली, तो कीबोर्ड अजून तसाच आहे.

*

न्यू जर्सी. माझा आयबीएम पीसी, १९८१ चं मॉडेल. चालू केला की एक लांब, दोन आखूड बीप आणि स्क्रीन काळी. डिस्प्ले कार्ड बदलून पाहणारच होतो, पण आधी मदरबोर्डवरचे स्विच तपासले. पहिल्या ओळीतले पाच आणि सहा दोन्ही ‘ऑफ’ हवेत, तर मोनोक्रोम (एकरंगी) कार्ड ओळखलं जातं. कोणीतरी ते कलरसाठी फिरवून ठेवले होते.

इथे एक धोका सांगून ठेवतो. मोनोक्रोम आणि कलर, दोन्ही कार्डांचं सॉकेट तेच नऊ पिनांचं. हिरव्या अक्षरांचा मूळ मॉनिटर कलर कार्डाला जोडलात तर तो जळू शकतो, कारण मोनोक्रोमची हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी १८.४ किलोहर्ट्झ आणि कलरची १५.७. बसतंय म्हणून जोडू नका.

*

रत्नागिरी. आमच्याकडे खारी हवा. पावसाळा संपला की माझ्या ४८६ कॉम्प्युटरचा डिस्प्ले जातोच. व्हीजीए (डिस्प्ले) कार्ड काढायचं, सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरने घासायच्या, चुरा झटकायचा, परत बसवायचं. यंदा मात्र डिस्प्ले आला तो कोपऱ्यात जांभळा डाग घेऊनच. स्पीकर मॉनिटरपासून हातभर लांब सरकवले, ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणारं डिगॉसचं बटण दाबलं. डाग फिका झालाय, अजून पुरता गेलेला नाही. कोल्हापूरकर, डिगॉस लागोपाठ दाबू की मध्ये थांबू?

*

कोल्हापूर. थांबा. आतली कॉइल गार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्या, मग परत दाबा.