मंडळीचं लिंक-पान: पाहुण्यासाठी दार, की आपल्याच कमिट्यांची सूचनापाटी?

घंटेची_दोरी (धागाकर्ता)

आमच्या चर्चच्या इन्स्टाग्राम प्रोफाइलवर एक लिंक आहे. ती दाबली की एकाखाली एक बटणं उघडतात. परवा मोजली, सतरा निघाली. पहिलं गायन मंडळाच्या व्हिडिओचं. दुसरं तरुण संघाच्या शिबिराचं, जे होऊन दोन महिने झाले. तिसरं दानार्पणाचं. उपासना किती वाजता आणि चर्च कुठे, हे चौदाव्या बटणावर. ते दाबलं की फेसबुक उघडतं आणि आधी लॉगिन करा म्हणतं.

ही पानं आली कुठून, तर इन्स्टाग्राम प्रोफाइलवर एकच लिंक ठेवू द्यायचं. त्या एका जागेत दहा गोष्टी कोंबण्यासाठी २०१६ मध्ये लिंकट्री निघालं, मागोमाग तशाच ढीगभर सेवा आल्या. २०२३ पासून इन्स्टाग्राम स्वतःच पाच लिंका ठेवू देतं, तरी पानं टिकून आहेत. टिकावीत असंच माझं मत आहे. वेबसाइटला जाणकार लागतो, पैसा लागतो, आणि तो जाणकार दुसऱ्या गावी गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. हे पान कोणीही तासाभरात उभं करतो.

पण ते पहिल्यांदा येणाऱ्यासाठी असावं. त्याला हवं तरी काय? कधी, कुठे, कोणत्या भाषेत, साधारण किती वेळ, आणि लहान मूल रडलं तर बाहेर जायला जागा आहे का. एवढं वर. बाकी खाली, आणि दान सगळ्यांत खाली. माझ्या मते पाच बटणांच्या वर एकही नको. बोला.

जुनी_वही

असहमत. पाहुणे महिन्यातून किती येतात? बोटावर मोजण्याइतके. सभासद मात्र दर आठवड्याला ते पान उघडतो. त्याला वचनांची यादी हवी असते, रविवारच्या शाळेचं वेळापत्रक हवं असतं, बाप्तिस्म्याच्या वर्गाचा फॉर्म हवा असतो. कधीतरी येणाऱ्यासाठी रोजच्या माणसाला खाली खाली सरकवत न्यायचं?

आणि दान खाली ढकलायचं कारण समजलं नाही. अर्पण हा उपासनेचाच भाग आहे. त्याची लाज वाटायला लागली असेल तर प्रश्न बटणाचा नाही.

घंटेची_दोरी

वहीकाका, लाज नाही हो. पण पाहुणा दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच तुम्ही थैली पुढे कराल का? शब्बाथाचं वचन, गाणी, संदेश होतात, मग थैली फिरते. पानावरही तोच क्रम ठेवा, एवढंच म्हणतोय. सभासदाला अर्पणाचं बटण कुठेही असलं तरी सापडतं.

तारांचा_गुंता

दोघेही बटणांवर भांडताय, पण पान उभं आहे ती जमीन कोणाची ते आधी बघा. ती भाड्याची ओसरी आहे. २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने लिंकट्रीच्या लिंका स्पॅम ठरवून काही काळ अडवल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरने अशा पानांच्या लिंकांवर बंदी जाहीर केली आणि ओरडा झाल्यावर लगेच मागे घेतली. दोन्ही वेळा चूक पान करणाऱ्यांची नव्हती, पण दार त्यांचंच बंद झालं.

आमच्याकडे तर आणखी गंमत. नाताळच्या मोठ्या फलकावर क्यूआर कोड छापला. तो ज्या सेवेवरून बनवला तिची फुकट मुदत नाताळच्या आधल्या आठवड्यात संपली. कोड स्कॅन केला की ‘हा कोड चालू ठेवण्यासाठी पैसे भरा’ असं पान. फलक दहा फुटी, गेटवर, आणि सगळे येताजाता स्कॅन करतायत. शेवटी कोडावर पांढरा कागद चिकटवला.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने गाड्यांच्या सुट्या भागांचा माग ठेवायला काढला. त्याला स्वतःची मुदत-बिदत काही नसते. मुदत असते मधल्या दलालाला. म्हणून मंडळीच्या नावाचं एक डोमेन घ्या, फलकावर आणि कोडात तोच पत्ता छापा. तो पत्ता आज लिंक-पानाकडे वळवा, उद्या वेबसाइटकडे. फलक बदलावा लागणार नाही.

तिसरा_बाक

मी त्या ‘बोटावर मोजण्याइतक्यां’पैकी एक, म्हणून लिहिते. नव्या गावात बदली झाली. चर्च शोधलं, पान सापडलं, छान होतं, बटणं चारच. धागाकर्त्यांना आवडलं असतं. त्यावर ‘उपासना सकाळी १०’. पावणेदहाला पोचले तर आतून शेवटच्या गीताचा आवाज. पायरीवर चपला नीट लावत एक मुलगा उभा होता. म्हणाला, “उन्हाळ्यात साडेआठला असते ना, सगळ्यांना माहितेय.”

त्या ‘सगळ्यांना’मध्ये मी नव्हते. आत गेले नाही, परत फिरले. पुढच्या रविवारी जायला मन घट्ट करावं लागलं.

तेव्हा बटणं चार की चौदा, याने मला काही फरक पडला नसता. वेळ बदलली त्या दिवशी पानावर ती बदलायचं काम कोणाचं होतं? मला वाटतं कोणाचंच नव्हतं. पानाच्या तळाशी ‘वेळा अमुक तारखेला तपासल्या’ एवढी ओळ असती, ती चार महिने जुनी दिसली असती, तर मी आधी फोन केला असता.

जुनी_वही

बाई, वाईट वाटलं वाचून. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. जे पान सभासद रोज वापरतात तिथली चूक पहिल्याच दिवशी कोणीतरी ओरडून सांगतो. नुसत्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पानाकडे घरचं कोणी बघतच नाही.

घंटेची_दोरी

हा मुद्दा मात्र लागला. याचा विचार मी केला नव्हता.

मेणबत्ती

प्रार्थना विनंतीच्या बटणाबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या जुन्या मंडळीत ते होतं. फॉर्म भरला की नाव, फोन आणि विनंती एका ऑनलाइन तक्त्यात जायची. तो तक्ता ‘लिंक असलेल्या कोणालाही दिसेल’ असा ठेवलेला, आणि ती लिंक कोणीतरी भाबडेपणाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. कोणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कोणाचा मुलगा व्यसन सोडतोय, कोणाच्या तपासणीचा अहवाल कसा आला, सगळं नावानिशी. विनंती पाळकसाहेबांसाठी लिहिलेली, वाचली दोनशे जणांनी.

युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा खासगी माहिती जपायचा कायदा धर्म आणि आरोग्य या दोन्हींना विशेष जपायची माहिती मानतो. प्रार्थनेच्या फॉर्मात दोन्ही एकाच ओळीत येतात. कायदा कुठलाही असो, माझ्या मते हे बटण ठेवूच नये. फोन नंबर द्या, बस.

तारांचा_गुंता

बटण काढून टाकणं जरा जास्तच होतंय. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार? त्या वेळीच माणूस लिहितो. फॉर्म ठेवा, नाव ऐच्छिक करा, तक्ता फक्त दोघांना उघडू द्या, महिन्याने जुन्या नोंदी पुसा. आणि फॉर्मच्या वरच लिहा की हे कोण वाचतं.

मेणबत्ती

‘फक्त दोघांना’ असंच तिथेही ठरलं होतं. चालू द्या तुमचं, मी तरी भरणार नाही.

पाय_जमिनीवर

एवढी चर्चा बटणांवर! आमच्या आईला ही पानं दिसतच नाहीत. पांढऱ्यावर फिकट सोनेरी अक्षरं, का तर नाताळची सजावट. चर्चला माणूस माणसाच्या हाताला धरून येतो. गेटवर हसून ‘या’ म्हणणारा एक उभा करा, पान बंद करा.

तारांचा_गुंता

गेटपर्यंत यायला गेट कुठे ते कळायला हवं ना! फिकट अक्षरांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ ला १ हवा असं सांगितलंय. पांढऱ्यावर सोनेरी त्याच्या जवळपासही जात नाही. सरळ काळी अक्षरं घ्या, आईंना दिसतील.

तिसरा_बाक

आणि ‘या’ म्हणणाऱ्याचा फोन नंबर पानावर टाका. तेवढ्यात तुमचं दोघांचंही जमतंय.

घंटेची_दोरी

अपडेट. काल कमिटीत विषय काढला. सतराची सहा झाली: वेळ आणि पत्ता, नकाशा, फोन, सभासदांसाठी वेगळं पान (वहीकाका, ते तुमच्यासाठी), थेट प्रक्षेपण, दानार्पण. सभासदांच्या पानावरही वेळ सगळ्यांत वर ठेवली, म्हणजे चुकली तर कोणीतरी ओरडेल. प्रार्थनेच्या फॉर्मवर एकमत झालं नाही, तूर्त काढलाय. डोमेनचे पैसे कुठल्या खात्यातून, यावर अर्धा तास गेला आणि ते पुढच्या सभेवर ढकललं. वेळा तपासून तळाशी ‘तपासल्या’ची तारीख बदलायचं काम सेक्रेटरींच्या मुलीकडे दिलंय, ती नववीत आहे.

आज सकाळी बघितलं तर सातवं बटण आलंय. गायन मंडळाचा व्हिडिओ. सगळ्यांत वर.