रोजच्या लॉग रिपोर्टमधून क्रॉनच्या ओळी गाळाव्यात का?

अंबडचा_ॲडमिन:
अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे लिनक्स सर्व्हर माझ्याकडे आहेत. लॉगचेकचा (नेहमीच्या ओळी गाळून उरलेला लॉग पाठवणारा प्रोग्राम) मेल दर तासाला येतो आणि त्यात बहुतेक ‘सेशन ओपन्ड फॉर यूजर रूट’, ‘सेशन क्लोज्ड’ एवढंच (रूट म्हणजे सर्वाधिकारी यूजर). दर पाच मिनिटांचा एकच क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) दिवसाला २८८ वेळा चालतो, म्हणजे ओपन्ड-क्लोज्ड मिळून ५७६ ओळी. त्यात ‘फेल्ड पासवर्ड’ कोण शोधणार? रिपोर्टमधून या ओळी काढाच. मूळ ऑथ लॉगला (लॉगिनच्या नोंदींची फाइल) मात्र हात लावू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे तो १८० दिवस जपायचाच आहे.

सातपूर_नेटवर्क:
अजिबात पटत नाही. घुसखोर आत आला की आधी स्वतःचा क्रॉन लावतो, आणि तुम्ही नेमकं तेच झाकताय. शिवाय लोक गाळण्याच्या नियमात नुसतं ‘सेशन ओपन्ड’ टाकून मोकळे होतात. मग एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन), सुडो (रूटच्या अधिकारात कमांड चालवणं), सगळंच गडप!

अंबडचा_ॲडमिन:
भाऊ, तो दोष आळशी नियमाचा. पॅटर्न ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत बांधा: सेवा क्रॉन, यूजर रूट, बस. वेब सर्व्हरच्या यूजरचा क्रॉन चालला तर ती ओळ येणारच. नव्या पॅममध्ये (लॉगिन तपासणारी लिनक्सची यंत्रणा) यूजरच्या नावाला चिकटून यूआयडी, म्हणजे यूजरचा क्रमांक, छापला जाऊ लागला, तेव्हा असे घट्ट नियम जुळेनासे झाले आणि ओळी पुन्हा मेलमध्ये आल्या. लपल्या नाहीत, हे महत्त्वाचं. राहिला रूटचा क्रॉन. ऑथच्या ओळीत कोणती कमांड चालली हे नसतंच, ते सिसलॉगच्या (सिस्टिमच्या सर्वसाधारण नोंदी) सीएमडी, म्हणजे कमांडच्या, ओळीत असतं. ५७७वी ओळ वाचून काय कळणार? त्यापेक्षा क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी) फाइली बदलल्या का, ते तपासा.

पंचवटी_रात्रपाळी:
क्रॉनचं मान्य. पण आमच्याकडे आता बॅकअपच्या ‘ॲक्सेप्टेड पब्लिक की’ (पासवर्डऐवजी डिजिटल कीने झालेलं लॉगिन) ओळीही गाळा म्हणतात. त्याला माझा ठाम विरोध आहे. की चोरीला गेली तर चोराचं लॉगिनही यशस्वीच दिसतं, फरक फक्त आयपीत.

सातपूर_नेटवर्क:
हेच म्हणतोय! निदान लॉगवॉचसारखा (ओळी मोजून गोषवारा देणारा प्रोग्राम) आकडा तरी द्या. क्रॉन बंद पडला, तर ५७६च्या जागी शून्य दिसेल. गाळलेल्या मेलमध्ये तेही दिसत नाही.

अंबडचा_ॲडमिन:
आकडा दिवसातून एकदा येऊ द्या, तासाच्या मेलमध्ये नको. लॉगिनच्या ओळी गाळायच्या नाहीत, हेही मान्य. पण बॅकअप झाला की नाही, हे माणसाच्या डोळ्यांवर सोडू नका. बॅकअपची फाइल २४ तासांहून जुनी झाली की वेगळा अलर्ट यायला हवा.